सगुणाबाईंचा हरभरा

सुवर्णाकडे राहायला जायचं म्हणजे आधी पोटाची तयारी करून जावं लागतं. ही माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन निफाडजवळच्या द्राक्षवाल्या घरात आली आणि पाहुणचारात आता घरच्यांनाही भारी पडते. यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली, सुट्ट्या जोडून मिळाल्या, तशी मी पुण्याहून एकटीच गाडी काढली. मला द्राक्षं नको होती आणि नाशिकची देवळंही पाहून झाली होती. मला करकोचे बघायचे होते.

करकोचे म्हणजे लांब मानेचे, उंच पायांचे राखाडी पक्षी. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. गेले काही हिवाळे मी त्यांच्या मागावर होते आणि दर वेळी हात हलवत परतले होते. ऑफिसात तर, हर्षाली सुट्टीवर निघाली की पक्षी गाव सोडतात, अशी माझी चेष्टा चालते.

रविवारी पहाटे नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीवर जायचं ठरलं होतं. पण उपाशी पाहुणा घराबाहेर सोडेल ती सुवर्णा कसली! आधी चहा, मग मिसळ, मग तिच्या नवऱ्यानं, ज्ञानेशनं, बागेतून खास तोडून आणलेली द्राक्षं. मी वरवर हसत आणि आतून चडफडत सगळं खाल्लं. पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि करकोचे पाण्यावरून उठून शेतांकडे चरायला गेले होते. दुसरे पक्षी ढीगभर होते, पण मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. परतताना गाडीत माझा हिरमोड सुवर्णाला बरोबर कळला.

जेवायला बसल्यावर तिनं हे सासूबाईंना सांगितलं. सगुणाबाई सत्तरीच्या, अंगानं काटक. त्यांनी माझ्या मोबाइलमधला फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"हे व्हय? हे तर रोज माझ्या हरभऱ्यात येत्यात."

मी ताटावरून उठायचीच बाकी होते. सुवर्णाचा चेहरा मात्र उतरला. भांडी आवरताना तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की द्राक्षबाग ज्ञानेशची, पण कालव्याकडेचा तुकडा आईंचा स्वतःचा. तिथं त्या हरभरा करतात आणि त्याची डाळ होळीला दोघी लेकींकडे जाते, एकीला देवळ्याला, दुसरीला दिंडोरीला. लेकींच्या पुरणात दुकानची डाळ त्यांना चालत नाही. आता हरभऱ्याचे घाटे दाण्यांनी भरले होते. करकोच्यांचा थवा एकदा निवांत बसला तर हरभरा संपलाच. म्हणून आई रोज उजाडताच पत्र्याचा डबा घेऊन बांधावर बसतात आणि थवा खाली यायच्या आत बडवतात.

मग राहू दे, मी म्हटलं. मनापासून म्हटलं, पण अर्ध्याच मनापासून. तेवढ्यात आतल्या खोलीतून सगुणाबाईंचा आवाज आला, "सकाळी उठवते गं तुला."

सकाळी थंडी अशी की दात वाजत होते. सगुणाबाईंनी आपली शाल माझ्या अंगावर टाकली, कुत्रा गोठ्यात बांधून ठेवला आणि आम्ही बांधावर जाऊन बसलो. सवयीनं त्यांनी पत्र्याचा डबा आणि काठी आणली होती, ती मांडीवर घेतली. समोर हरभरा दवानं भिजून उभा होता.

आधी आवाज आला, खूप उंचावरून, जाडसर, गुळण्या केल्यासारखा. मग आभाळात एक रेघ दिसली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता माथ्यावर नुसते पंख. पाय खाली सोडून, पंख ताणून ते एकेक करत उतरायला लागले. हिरवा तुकडा राखाडी झाला तरी उतरतच होते. इतके जवळ की डोळ्यांमागची पांढरी पिसं मोजावीत. त्यातले दोघं समोरासमोर आले, माना लववल्या आणि टुणकन हवेत उडाले, पुन्हा उडाले. ते नाचत होते. कॅमेरा गळ्यात होता, पण माझा हात वर गेला नाही. एवढं सुंदर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

मग घाटे फुटल्याचा आवाज कानावर आला. टकटक, टकटक, सगळ्या शेतभर. मी सगुणाबाईंकडे पाहिलं. डबा मांडीवर तसाच, हात त्याच्यावर, डोळे शेतावर खिळलेले. होळीची डाळ डोळ्यांदेखत चालली होती आणि ही बाई माझ्यासाठी गप्प बसली होती. मला ते सोसवेना. मी डबा ओढून घेतला आणि जोरानं बडवला.

सगळं शेतच उठल्यासारखं झालं. पंखांचा वारा तोंडावर आला, ऊन क्षणभर झाकलं गेलं.

सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "का वाजवलास?"

"आई, लेकींची डाळ..."

"डाळ व्हईल थोडी कमी." त्या अजून वर आभाळाकडे बघत होत्या. "लगीन होऊन आल्यापून हाकलतेय मी त्यांना. वरून जाताना तेवढी दिसली. खाली उतरून काय करत्यात ते आजच बघत व्हते. नाचत्यात गं ती."

त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, बांधावर पालथा घातला आणि त्याच्यावर बसल्या.

"येत्यात परत," त्या म्हणाल्या. "बस गुमान."

मी शेजारी बसले. कालव्यापलीकडे थवा वळायला लागला होता.