मले काऊन मारलं?

बापूराव वासनिक 'किल्लेदार' या खेळात जेव्हा जेव्हा मेले, तेव्हा ते एकाच जागी मेले: स्वतःच्या घरासमोर, मान वर करून छपराचे कवेलू न्याहाळताना.

खेळ लढाईचा. जगभरचे लोक त्यात ठोकळे रचून गड बांधतात आणि दुसऱ्यांचे पाडतात. बापूरावांच्या लेकीने, काजलने, चार वर्षं खपून त्यात एक गड उभा केला होता आणि गडाच्या पायथ्याशी त्यांची जुनी वस्ती. हिंगणघाटच्या अलीकडची ती सत्तावीस घरांची वस्ती रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. घराच्या जागी आता दुभाजक आहे आणि दुभाजकात कण्हेर. फोटो म्हणाल तर चार, आणि चारही फोटोंत घर कोणा ना कोणा नवरदेवाच्या मागे लपलेलं. त्यामुळे घर पाहायचं तर सावंगीच्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, काजलच्या संगणकावर.

दर रविवारी जेवण झालं की बापूराव खुर्ची ओढून बसत. अंगात चिलखत, कमरेला तलवार अशा थाटात ते विहाराच्या निळ्या फाटकापासून हातपंपापर्यंत आणि हातपंपापासून आपल्या ओसरीपर्यंत फिरत. तलवार त्यांनी एकदाही उपसली नाही. बत्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकुनी केलेला माणूस. सगळं जागच्या जागी आहे का, एवढंच त्यांना तपासायचं असे.

त्या रविवारी 'लोहपुरुष९९' नावाचा कोणी घोड्यावरून आला आणि त्यांना ओसरीसमोर आडवं करून निघून गेला. बापूरावांना राग आला नाही, नवल वाटलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, तसंच त्यांनी खेळातल्या गप्पांच्या चौकटीत दोन बोटांनी लिहिलं: मले काऊन मारलं? मी घर पाहून राह्यलो.

सरळ प्रश्न होता. उत्तर चाळीस सेकंदांत आलं, पण लोहपुरुषाचं नाही, कंपनीचं. लिंगभेदी आणि हिंसक भाषा वापरल्याबद्दल खातं कायमचं बंद. खात्यावरचं बांधकाम सात दिवसांनी पुसलं जाईल.

“काजल,” बापूरावांनी हाक दिली, “पाह्य बरं, माह्या हातून काई तुटलं का?”

काजल संख्याशास्त्राची एम.एस्सी. एका संशोधन प्रकल्पात रुग्णांच्या नोंदी तपासायची नोकरी करत होती. तिच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. 'किल्लेदार' विंडोजसाठी लिहिलेला. लिनक्सवर तो चाले तो मधल्या एका दुभाष्यामुळे. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागतो, दुभाषा ते लिनक्सच्या भाषेत सांगतो, आणि आपण परक्या घरी आहोत हे खेळाच्या गावीही नसतं. हा दुभाषा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय आणि तो कोणीही घ्यावा. काजलला याचं फार अप्रूप. तिचा चुलतभाऊ धम्मदीप, हिंगणघाटला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा, लिनक्सला 'चरखा' म्हणे.

“वर्धा जिल्ह्यात चरखा चालवनं मी समजू शकतो,” तो म्हणायचा, “पण आपल्या घरात? काकाले तरी विचारलं का?”

त्या रविवारी तो जेवायला आलेलाच होता. तिघंही पडद्यासमोर जमले. काजलने कंपनीकडे दाद मागितली, तेव्हा मदतीची खिडकी उघडली.

'नमस्कार! मी विवेक. आज मी आपला दिवस उत्कृष्ट कसा बनवू शकतो?'

'खातं बंद केलंय. पुरावा दाखवा,' काजलने लिहिलं.

विवेकने दाखवला. वर बापूरावांचं वाक्य, खाली यंत्राने केलेलं भाषांतर: 'पुरुष कोणी मारला? मी घरी पाहुणा राहिलो.'

काजलने ते दोनदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचलं. इंग्रजी अक्षरांत 'मले' लिहिलं की ते 'मेल' वाचता येतं, म्हणजे पुरुष. 'काऊन', म्हणजे का, त्याचं झालं हिंदीतलं 'कौन'. 'पाहून'चा झाला पाहुणा. एका पुरुषाचा मुडदा पाडून त्याच्याच घरी मुक्काम ठोकल्याची कबुली बापूरावांनी भर चौकात दिली होती.

“काका!” धम्मदीप म्हणाला. “मर्डर केला तं केला, वरून जेवाले बी थांबले?”

“मी फक्त इचारलं,” बापूराव म्हणाले.

काजलने लिहिलं, 'ही वऱ्हाडी आहे. मले म्हणजे मला. द्वितीया-चतुर्थीची विभक्ती आहे.'

विवेकचे तीन ठिपके बराच वेळ हलत राहिले.

'आपणास व आपल्या कुटुंबीयांस चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा!'

धम्मदीप खुर्चीवरून खाली बसला. “घे! बौद्धाच्या घरी मोदक पाठवून राह्यला तो!”

'तुम्ही माणूस आहात की यंत्र?' काजलने विचारलं.

'आपल्या कुतूहलाची मी मनापासून कदर करतो.'

“याचं नाव विवेक कोणं ठेवलं?” बापूरावांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

फेरतपासणी होऊ शकत होती, विवेकने कळवलं, पण त्यासाठी संगणकात 'प्रहरी' बसवावा लागेल. प्रहरी म्हणजे कंपनीचा पहारेकरी. खेळाडू लबाडी करत नाही ना, हे तो पाहतो. तो लिनक्सवर बसत नाही. काजलने तसं लिहिल्यावर उत्तर आलं: 'आपल्या उपकरणाशी छेडछाड झालेली आढळते. कृपया समर्थित उपकरण वापरा.'

“आधी बाप छेडछाडीत सापडला,” धम्मदीप म्हणाला, “आता कम्प्युटर. खानदानीच हाय तुमची.” मग हसू आवरून तो म्हणाला, “टाक ना विंडोज. अर्ध्या घंट्यात करून देतो. सारं जग वापरून राह्यलं, कोणाचं काई जळलं नाई.”

“विंडोजचं मले काई नाई, दादा. हा प्रहरी पाह्य. कम्प्युटर लावला का आधी तो उठते, मंग मी. बंद करता येत नाई. साऱ्या फायली पाह्यते.”

“तुह्या फायलीत असं काय हाय पाह्यासारखं?”

“काई नाई. म्हणून कपाट उघडं टाकू का?”

“राखणदार फाटकाबाहेर बसते,” बापूराव म्हणाले. “हा तं पलंगाखाली येऊन बसून राह्यला.” मग पडद्याकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, “सात दिवस म्हणजे येत्या रविवारी का? का शनिवारीच?”

त्यानंतर त्यांनी घराचं नाव काढलं नाही. ते नाव काढत नाहीत, हेच काजलला जास्त लागलं. सोमवारी त्यांनी तिला सांगितलं, की इंग्रजी अक्षरांत लिहिणं आपण आता सोडून दिलंय.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत काजलने कंपनीच्या अटी वाचल्या. सत्तेचाळीस पानं. चार वर्षांपूर्वी तिने त्या 'मान्य' म्हणून दोनेक सेकंदांत पार केल्या होत्या. म्हणजे सेकंदाला साडेतेवीस पानं, जे तिच्या कोणत्याही परीक्षेच्या तयारीपेक्षा वेगवान होतं. एकोणिसाव्या कलमात लिहिलं होतं, की खेळाडूने खेळ विकत घेतलेला नाही, खेळायची परवानगी घेतली आहे, आणि ती केव्हाही काढून घेता येते. बाविसाव्यात, की खेळाडू जे काही बांधेल ते कंपनीचं. म्हणजे विहाराचं निळं फाटक कंपनीचं होतं. हातपंप कंपनीचा होता. बापूराव कंपनीच्या ओसरीसमोर मेले होते.

आता काजलचं डोकं चालू लागलं, आणि ते चालू लागलं की तिला जेवणाची आठवण राहत नसे. दर वेळी सगळा मुलूख दूरच्या यंत्राकडून मागवायला उशीर लागतो. तेव्हा हा खेळ खेळाडूने नुकत्याच पाहिलेल्या जागांची एक नक्कल त्याच्याच संगणकात ठेवत असला पाहिजे. दुभाष्याची फोल्डरं तिच्या घरातली, कुलूप नसलेली. मंगळवारी संध्याकाळी तिला त्यात एक फाइल सापडली. फाइलला नाव नव्हतं, नुसता आकडा. फाइलच्या लांबीला बाराने पूर्ण भाग जात होता.

म्हणजे दर ठोकळ्यामागे बारा बाइट. त्यांतले तीन आकडे जागा सांगणारे असणार, चौथा ठोकळ्याचा प्रकार. तिने पहिले तीन आकडे घेऊन ऑफिसात रुग्णांच्या रक्तदाबाचे आलेख काढते तसा साधा ठिपक्यांचा आलेख काढला. पडद्यावर राखाडी ठिपके उमटले. तिने आलेख थोडा फिरवला. ओसरी दिसली. ओसरीचे खांब, मागचा गोठा, उतरतं छप्पर. एखाद्याच्या बरगड्या एक्स-रेमध्ये दिसाव्यात तसं घर.

“बाबा!”

बापूराव आले, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “हे आपलं होय?”

“होय.”

“ठिपक्याचं काऊन केलं?”

मग तिने आलेख आणखी फिरवला, गड शोधायला. गड नव्हता. तीन बुरूज, दोन दरवाजे, पाण्याचं टाकं, ज्यावर तिने एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे सगळे रविवार घालवले, त्यातला एकही ठिपका नव्हता. नक्कल फक्त अलीकडे चाललेल्या वाटांची होती, आणि गेले काही महिने त्या मुलखात चालत होता एकच माणूस. विहार ते हातपंप, हातपंप ते घर, म्हणजे अख्खी वस्ती. बाकी सगळं कंपनीच्या यंत्रावर होतं आणि रविवारपर्यंतच होतं.

बुधवारी तिने 'ठोकळे' नावाचा दुसरा खेळ उतरवून घेतला. याचा सगळा कोड उघडा. कोणीही वाचावा, बदलावा, आपल्या घरच्या यंत्रावर चालवावा. दिसायला 'किल्लेदार'पुढे अगदीच गबाळा: ढग चौकोनी, गवत प्लास्टिकचं, मेंढीला तोंड कोणतं नि शेपूट कोणती हे मेंढी चालू लागल्यावर कळे. तिने फाइलमधले आकडे या खेळाला समजतील असे करून देणारा नव्वद ओळींचा प्रोग्राम लिहिला. गुरुवारी वस्ती उलटी उभी राहिली, छपरं जमिनीत आणि जोती आकाशात. एक उणे चिन्ह चुकलं होतं. शुक्रवारी सुलटी झाली.

आणि शनिवारी कंपनीचं पत्र आलं.

'अभिनंदन! आपले प्रकरण सहानुभूतीने विचारात घेण्यात आले आहे.' खातं परत मिळणार होतं. गड, टाकं, बुरूज, सगळं. फक्त समर्थित उपकरणावर प्रहरी बसवायचा, आणि एका विधानापुढे खूण करायची: 'मी यापुढे समजण्याजोग्या भाषेतच लिहीन.'

धम्मदीपला तिने फोनवर ते वाचून दाखवलं.

“मंग? कर ना टिक. भाषेचं काय घेऊन बसली? तिकडं इंग्रजी लिहिजो, घरी आपली बोलजो. मी उद्या पेनड्राइव्ह घेऊन येतो.”

“समजन्याजोगी कोनाले, दादा?”

“आता त्याईले!”

“त्याईले मराठी तरी कुठं समजते? शुभेच्छा देऊन राह्यले ते.”

“अगं, पण चार वर्षं, काजल,” धम्मदीप आता चेष्टेत बोलत नव्हता. “त्या टाक्याच्या पायऱ्या तू मले फोटो काढकाढून पाठवल्या होत्या.”

त्या पायऱ्या काजललाही दिसत होत्या. एकशे चौऱ्याण्णव होत्या त्या. तिने फोन ठेवला आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. बापूराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पत्र वाचलं, बोट ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत.

“मह्यासाठी नको करू,” ते म्हणाले. “अन् मह्यासाठी सोडू बी नको. गड तुहा होय.”

“बाविसाव्या कलमात पाहा,” काजल म्हणाली. “महा नोहेच तो.”

खूण न करता तिने पत्र बंद केलं. मग एकदा विवेकची खिडकी उघडली आणि इंग्रजी अक्षरांत, दोन बोटांनी नाही तर दहाही बोटांनी, अस्सल वऱ्हाडीत पाच ओळी लिहिल्या. त्या इथे देता येण्याजोग्या नाहीत. विवेकने तिचे आभार मानले आणि संवादाला पाचपैकी किती तारे द्याल, असं विचारलं.

रविवारी जेवण झाल्यावर बापूराव नव्या खेळात शिरले. चिलखत नव्हतं, तलवार नव्हती, घोडेस्वार नव्हता. ते निळ्या फाटकाशी थांबले, हातपंपाशी थांबले, घरासमोर आले आणि मान वर करून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली; कोणी मारलं नाही. काजलला वाटलं, आता बाबांच्या डोळ्यांत पाणी येणार. तिने नजर दुसरीकडे वळवली.

“ओसरी कमी हाय,” बापूराव म्हणाले.

“काय?”

“पंधरा फूट दोन इंच होती. ही पंधरा हाय. दोन इंच कुठं गेले?”

“बाबा, एक ठोकळा म्हणजे एक फूट. त्या खेळात ठोकळा तोडता येत नोहता.”

“अन् यात?”

काजलने मनात हिशेब केला. ठोकळ्याचं माप कोडमध्ये कुठेतरी लिहिलेलं असणार. ते बदलता येईल. बदललं की सत्तावीसच्या सत्तावीस घरं पुन्हा नव्या मापात बसवावी लागतील. “यात... येते,” ती म्हणाली.

“मंग कर.”

“पण चार वर्षं तुम्ही एका शब्दानं बोलले नाई! दर रविवारी पाहून राह्यलते!”

“दुसऱ्याच्या घरी बसून कोणाले सांगू, का ओसरी वाढव म्हणून?” बापूरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, वजनकाट्याच्या पावतीएवढा, दोन्ही बाजूंनी मापांनी भरलेला. “हे फक्त आपल्या घराचं होय. विहाराचं अजून लिहिलं नाई.”