अंगावरून गेलेला निरोप

मी तार बोलतेय. बडनेऱ्याहून अकोल्याला गेलेली, लोखंडाची. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि मला घाईघाईने खांबांवर चढवले.

लोकांना वाटते, निरोप माझ्या पोटातून जातो. कसले काय! तो आधी अंगावरून सरसरतो, थोडा अंगालगतच्या हवेतूनही. सावकाश आलेला मागाहून आत झिरपतो, तेव्हा कुठे मला कळतो. फार घाईचा असला तर कातडीवरूनच निसटतो. एकदा वीज धावली माझ्यावरून, पण पोटाला तिचा पत्ता नव्हता.

मूर्तिजापूरजवळच्या खांबाशी जमुना रोज येई. तिचा नवरा सूर्यभान बैलगाडीत अडत्याचा कापूस भरून अकोल्याला गेला होता, तो परतलाच नव्हता. खांबाशी बोललेले अकोल्यात ऐकू जाते, अशी तिची समजूत. खांबाला कुंकू लावून ती कान टेकवी आणि विचारी, "घरी कवा येता जी?" वाऱ्याने मी गुणगुणे, ते तिला उत्तर वाटे. मला तिची फार कीव येई.

"अवं, खांबाले काय इचारून राहिली? चाल घरी," सासू पार्वताबाई ओरडे.

एका दुपारी तिचा कान टेकलेला असतानाच अकोल्याच्या अडत्याने मूर्तिजापूरला निरोप सोडला. तो माझ्या पोटात झिरपायच्या आधीच जमुनेच्या अंगावर काटा आला. मग मला कळले: 'सूर्यभान पटकीने मेला. दुसरा गाडीवान पाठवा.' जमुनेने खांबावर हात आपटून बांगड्या फोडल्या.

"नवरा जित्ता हाय अन् बांगड्या फोडून राहिली! येडी झाली काय वं?" पार्वताबाई धावत आली.

"गेले ते, आत्याबाई."

घरी कळवायची तसदी अडत्याने घेतली नाही. पुढच्या बाजाराला परक्याच माणसाने सूर्यभानची बैलजोडी आणून सोडली, तेव्हा पार्वताबाई उंबऱ्यावरच बसली.

जमुना अजून येते. आता कुंकू लावत नाही, नुसता कान टेकवते आणि तेच विचारते. वारा पडलेला असतो, तारघर बंद असते, तरी अकोल्याकडून काहीतरी सरसरत येते. तिच्या दंडावर काटा फुलतो आणि ती हसते. काल म्हणाली, "बरं जी, मीच येतो."

वाटसरूंनो, तिला इथून घेऊन जा हो. तो नुसता वारा आहे, असे सांगा. मला सांगता येत नाही. वारा नसतो, एवढेच मला ठाऊक आहे. आणि जे येते, ते माझ्या पोटात शिरतच नाही.