दुसऱ्या परीक्षकाची सही

समिती येणार म्हटलं की आमच्या विभागातले लोक एकमेकांशी बरे वागायला लागतात. हे दर सहा वर्षांनी होतं आणि दोन दिवस टिकतं. माध्यमिक शाळांसाठी शिक्षक घडवणारा आमचा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याची मान्यता टिकवायची तर बाहेरून पाच माणसं येतात. विद्यार्थ्यांचे पंधरा प्रबंध त्यांनी आधीच मागवून वाचलेले असतात. मग दोन दिवस आमच्याच खोलीत बसून ते आम्हाला प्रश्न विचारतात. मी विभागाची सचिव. वेळापत्रक, खोल्या, चीजचे पाव, ताक आणि कोणत्या कागदावर कोणी किती वाजता सही केली, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. हे माझं चौथं मूल्यांकन.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पाऊण तास ‘खुला तास’ असतो. विभागातलं कोणीही, विद्यार्थी आणि सरावाच्या शाळांतले शिक्षकसुद्धा, समितीला एकट्याने भेटून मनातलं सांगू शकतं. नावं थेट समितीच्या चिटणिसाकडे जातात, मला फक्त संख्या कळते. मागच्या तिन्ही वेळी ती शून्य होती. आम्ही उत्तरेकडचे डच लोक तोंडावर फटकन बोलतो अशी आमची ख्याती आहे. पण बंद खोली आणि गुप्ततेची हमी दिली की आम्हाला बोलण्यासारखं काही उरत नाही.

या वेळी सकाळी पावणेनऊला निरोप आला: एक नोंदणी, सव्वाची वेळ.

अभ्यासक्रमाची प्रमुख हेस्टर माझ्या टेबलाशी उभी राहून संत्रं सोलत होती. सालाचे बारीक बारीक तुकडे करत ती म्हणाली, “कोण?”

“नाव येत नाही माझ्याकडे.”

“सीत्स्के, तुझ्याकडे सगळं येतं.”

“हे नाही येत.”

तिने संत्रं न खाता टेबलावर ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन परत आली. तिला काय टोचतंय ते मला ठाऊक होतं. पंधरातला अकरावा प्रबंध यॉरिट नावाच्या मुलाचा. दहापैकी सहा, म्हणजे जेमतेम पास. पहिला परीक्षक रूलोफ, गणित शिकवण्याचं शास्त्र शिकवणारा आमचा सगळ्यात जुना माणूस. दुसरी परीक्षक हेस्टर. नियम असा की दोघांनी स्वतंत्र वाचायचं, एकमेकांचा आकडा न बघता आपापलं पत्रक भरायचं. रूलोफचं पत्रक गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी चार वाजून दोन मिनिटांनी आलं. हेस्टरचं चार वाजून सहा मिनिटांनी. प्रबंध अडुसष्ट पानांचा.

समितीला हा सहा नसून पाच, म्हणजे नापास, वाटला तर प्रश्न निघणार, आणि सही प्रबंध न वाचता केली हे कोणी सांगितलं तर अभ्यासक्रमाबरोबर हेस्टरचं नावही जाणार. ठाऊक असू शकणारी माणसं तीन. रूलोफ, कारण ‘तुझा आकडा तोच माझा’ असं ती त्याच्या दारातच म्हणाली होती. विद्यार्थी प्रतिनिधी फेना, कारण यॉरिट तिच्याच घरात भाड्याने राहायचा आणि घरी सगळं बोलला असणार. आणि दाउवे, यॉरिट जिथे सराव करायचा त्या शाळेतला शिक्षक. प्रबंधाच्या सादरीकरणाला हेस्टरची खुर्ची रिकामी होती हे त्याने पाहिलं होतं.

नऊ वाजता ती कॉफीचे दोन पेले घेऊन रूलोफच्या खोलीत गेली. सतरा वर्षांत तिने कोणाला कॉफी नेऊन दिलेली मी पाहिली नव्हती. दार उघडंच होतं.

“रूलोफ, बरा आहेस ना? थकल्यासारखा दिसतोस.”

“मी चौसष्टचा आहे. असाच दिसतो.”

“कसला त्रास आहे का? इथे, कामात?”

रूलोफने कॉफीकडे संशयाने पाहिलं. “त्रास कसला? शुक्रवारी दुपारचा वर्ग. चार वर्षं सांगतोय.”

“काढला.”

“काय?”

“शुक्रवार दुपार. जानेवारीपासून मोकळी. सीत्स्के, लिहून घे गं.”

मी लिहून घेतलं. चार वर्षांची मागणी एका कॉफीत फिटली.

साडेदहाला फेना जिन्यात सापडली. “वेळापत्रक उशिरा लागतं म्हणून तुम्ही मुलं वैतागता, हो ना?” हेस्टर म्हणाली. फेना तेवढी वैतागलेली नव्हती, पण हो म्हणाली. वेळापत्रक यापुढे तीन आठवडे आधी लागेल असं ठरलं. ते लावणारी मी, पण मला कोणी विचारलं नाही.

अकराला दाउवे समितीशी बोलून बाहेर आला. त्याला मनुकांचा पाव मिळाला आणि मार्गदर्शकांच्या बैठका यापुढे त्याच्याच शाळेत होतील असं आश्वासनही. “अगं, मला काय झालंय असं हिला वाटतंय?” तो मला हळूच म्हणाला. “मरायला टेकलोय का मी?”

“नाही. आज समिती आहे.”

“मग रोज येऊ दे ना.”

सव्वा वाजता हेस्टर मार्गिकेत होती. खोलीची भिंत काचेची. आत पाच माणसं एका बाजूला आणि समोर एक रिकामी खुर्ची. अध्यक्ष दे कोनिंक हे गेंटचे. बेल्जियमच्या लोकांची ती मऊ भाषा, ‘फार रंजक’ म्हणाले की आम्हाला कळत नाही स्तुती झाली की वाट लागली. ते ताक पीत दाराकडे बघत होते.

एक वीस. हेस्टर कुंडीतली पिवळी पानं तोडत होती.

“कोणी येत नाहीये,” ती म्हणाली.

“बरंच झालं की.”

“बरं कसं? उशीर झाला असेल. येईलच.” पिवळी संपली, आता ती हिरवी तोडायला लागली. “आणि नाहीच आलं तर का नाही आलं? घाबरलं? माझ्यामुळे?”

“हेस्टर, जेवून घे काहीतरी.”

“ती खुर्ची बघतेस ना? ते पाचही जण तिच्याकडेच बघतायत.”

ते खरं म्हणजे घड्याळाकडे बघत होते. पण एक एकतीसला तिने मुठीतली पानं माझ्या हातात कोंबली, दार ढकललं आणि जाऊन त्या खुर्चीत बसली.

पाच मिनिटांनी अध्यक्षांनी मला आत बोलावलं. हेस्टरच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

“बाईंनी आत्ता आम्हाला काही सांगितलं,” ते म्हणाले. “फार रंजक. या पंधरा प्रबंधांची दोन्ही पत्रकं किती वाजता आली, याची नोंद मिळेल?”

नोंद माझ्या खणात छापून तयारच होती. तरी मी दहा मिनिटं लावली. तयार का होती हे कोणी विचारायला नको.

अध्यक्षांनी कागद हेस्टरपुढे सरकवला. “यांत नऊ ठिकाणी तुमची दुसरी सही आहे, बाई. न वाचता केलेल्या किती?”

हेस्टरने बोट ओळीवरून ओळीवर नेलं. एका ओळीवर थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

“यॉरिटचा धरून पाच,” ती म्हणाली.

चिटणिसाने लिहून घेतलं.

संध्याकाळी पाचला निकाल तोंडी सांगतात. सगळा विभाग सभागृहात, मागच्या टेबलावर बिअर आणि तळलेले मांसाचे गोळे. ते निकाल काहीही लागला तरी आधीच मागवलेले असतात. अध्यक्षांनी शिकवण्याचं कौतुक केलं, शाळांशी असलेल्या नात्याचं केलं. पंधराही प्रबंधांचे गुण त्यांना मान्य होते. “अकराव्या प्रबंधाबद्दल आमच्याही मनात शंका होती,” ते म्हणाले. “आमच्या दोघांनी तो वेगवेगळा वाचला. दोघांचेही सहाच आले.” ‘वेगवेगळा’ या शब्दावर त्यांनी जराही जोर दिला नाही, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. मग परीक्षापद्धतीबद्दल: अपुरी. मान्यता सशर्त, दुरुस्तीला दोन वर्षं.

म्हणजे हेस्टर गप्प बसली असती तर काहीच झालं नसतं. हा हिशोब सभागृहातल्या प्रत्येकाने मनात केला आणि प्रत्येकाने बिअरचा पेला उचलला.

रूलोफ हेस्टरजवळ आला. “मी सांगतच होतो, सहाच आहे.”

“हो रे.”

“आणि शुक्रवारबद्दल आभार. खरं सांगू? त्याचीच तक्रार करायला मी सव्वाची वेळ घेतली होती. तू सकाळीच काम केलंस, मग कशाला जायचं? जेवणानंतर सायकलवरून जरा फिरून आलो.”

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. ती हसेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, “नोंदणी रद्द तरी करायचीस.”

“ते राहिलंच,” रूलोफ म्हणाला आणि एक गोळा मोहरीत बुडवून तोंडात टाकला.

जिन्यात तिने मला गाठलं. “तुला माहीत होतं. चार वाजून सहा मिनिटं.”

“होतं.”

“दीड वर्ष?”

“पत्रक वेळेत आलं होतं. माझ्या कामात तेवढंच येतं.”

माझं उत्तर मलाच फारसं आवडलं नाही.

सोमवारी साडेआठला ती ओला कोट न काढताच माझ्या टेबलाशी आली. “ते पाच दे.”

“आता कशाला? गुण तर मान्य झाले.”

“दे गं.”

यॉरिटचा प्रबंध वर ठेवून मी गठ्ठा दिला. तिने खोलीचं दार लावून घेतलं. दहा वाजता कॉफीला आली नाही. साडेदहाला मी दार उघडून पाहिलं, तर ती उभ्यानेच वाचत होती, पेन्सिल दातांत, समासात खुणाच खुणा. अकराला बाहेर आली.

“सीत्स्के, हा पाच आहे.”

“समितीने सहा दिलेत. दोघांनी.”

“समिती गेली. तिसऱ्या प्रकरणात याने मुलांच्या चुका नुसत्या मोजल्यात, त्या का झाल्या ते एकदाही विचारलेलं नाही. पाच म्हणजे पाच.”

ती तशीच रूलोफच्या खोलीत गेली. दार बंद झालं. थोड्या वेळाने रूलोफचा आवाज चढला, “तू त्या मुलाला वर्गात उभा राहिलेला पाहिलायस का?” आणि लगेच तिचा, “वर्गातले गुण वेगळे आहेत, रूलोफ, मी पान चाळीसबद्दल बोलतेय!”

साडेबारा वाजले तरी दोघं जेवायला आली नव्हती. पाव सुकू नयेत म्हणून मी त्यांवर फडकं टाकलं.