मागच्या खोलीपर्यंत गेलेला आवाज

मी माइक बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. दुसऱ्याचा आवाज मोठा करणं एवढंच मला येतं. आज स्वतःचं सांगतोय, तेही मान खाली घालून.

मी जुन्या घडणीचा, जाड जाळीचा, चांगलाच जड. बंद पडलेल्या एका नाचाच्या हॉलमधून मला चौघांच्या बँडने आणलं. गिटारवर भाचा, शिवाय ड्रमवाला, बास गिटारवाला, आणि गायला भाच्याची मावशी. ती दिवसा कपडे शिवायची आणि संध्याकाळी जुने ब्लूज, सोल, रॉक अँड रोल अशी काही मिसळून गायची की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलत. भाच्याला पहिली गिटार तिनेच घेऊन दिली होती. ती मला घट्ट धरायची. मला त्याचा केवढा तोरा!

एका दुपारी कार्यक्रमाआधी आवाज तपासून झाला आणि मला बंद करायचं राहून गेलं. हॉलमधले स्पीकर बंद होते. मागच्या, कलाकारांच्या खोलीतला छोटा मात्र चालू होता. तिथे मावशी ड्रमवाल्याच्या कोटाला बटण लावत बसली होती.

भाचा माझ्याशेजारी उभा राहून ड्रमवाल्याला म्हणाला, "मावशीचा आवाज गेलाय रे. आजचं होऊ दे, मग एखादी तरुण मुलगी बघू."

"तिला सांगणार कोण?"

"काढू काहीतरी कारण."

शब्द न् शब्द मी इमानेइतबारे पोचवला.

संध्याकाळी मावशीचे हात गार पडले होते. वरचा सूर खरंच फाटला. तिने तो लपवला नाही, तसाच फाटका गायली, आणि लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

"मावशी, काय गायलीस गं आज!" भाचा धावत आला.

"हो का? दुपारी तुझंही ऐकलं मी. सगळं."

त्याचा चेहरा उतरला. "मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"तसंच म्हणायचं होतं, राजा. फक्त ते माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस. मी आपणहून बाजूला झाले असते."

तिने ड्रमवाल्याला कोट दिला, आपली पिशवी उचलली आणि गेली.

आता एक मुलगी गाते. गुणी आहे, सूर लागतात. माझ्या मनातली लाज मात्र जात नाही. दोष माझा नाही म्हणाल. पण तिच्या काळजात ते शब्द माझ्यातूनच गेले ना?

परवा तालमीच्या खोलीत कोणी नसताना भाचा माझ्यासमोर उभा राहिला. हळूच म्हणाला, "मावशी, चुकलो." मग घसा साफ करून पुन्हा तेच. जणू गाण्याची ओळ बसवत होता.

बाबा रे, मला नको सांगूस. तिचं शिवणाचं दुकान दोन गल्ल्यांवर आहे. जा, तिला सांग.