सतरा नंबरचं रडणं

तिने हेडफोन पुसून सिस्टरांच्या हातात दिला आणि स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली. आधीच्या खुणा त्यांना दिसायला नकोत.

"दोनशे नव्वद उत्तरं झाली. दहाच राहिली," ती म्हणाली.

"तुझं यंत्र काय गं, वकिलासारखं विचारत सुटलंय," सिस्टर म्हणाल्या.

नवजात बाळांच्या वॉर्डात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. भूक, झोप, कंटाळा की दुखणं, हे सिस्टर नुसत्या रडण्यावरून ओळखत. यंत्राला तेच शिकायचं होतं. नोंदी नऊ हजार. सगळ्या ऐकायच्या तर सिस्टरांना वॉर्ड सोडावा लागला असता. म्हणून तिने यंत्राला वेगळीच सवय लावली होती: कळतंय ते सोड, अडेल तेवढंच विचार. प्रकल्प चालवणारे सर त्यावर हसले होते. त्यांची अट होती: तीनशे उत्तरांत शंभरातली नव्वद रडणी ओळखता आली तर ठीक, नाहीतर आज संध्याकाळी काम बंद.

आकडा सत्त्याऐंशीवर अडून बसला होता.

कोणतं रडणं कशाचं, याच्या सुरुवातीच्या चाळीस खुणा तिने स्वतःच केल्या होत्या. त्यांतल्या आठ नोंदी तिच्या पाच महिन्यांच्या मुलीच्या. नवी उत्तरं जुन्या खुणांशी जुळेनाशी झाली, तर जुनंही पुन्हा विचारायचं, ही सोयही तिचीच.

यंत्राने सतरा नंबर पुढे केला. शेजारी तिची खूण होती: दुखणं. तिने खालचा ओठ दातांत धरला.

सिस्टरांनी डोळे मिटले. "कंटाळा. कोणीतरी उचला म्हणतंय."

"पोटात दुखत नसेल?"

"पोट दुखलं की श्वास मध्येच तुटतो. हे बघ, थांबून ऐकतंय, कोणी येतंय का ते."

अठरा. एकोणीस. विसावं ऐकताना सिस्टरांनी हेडफोनचा एक कान बाजूला केला.

"हे परत तेच बाळ. याला काही धाड भरलेली नाही. याच्या आईला दाखवा म्हणावं डॉक्टरला."

ती हसली नाही. एकेक 'दुखणं' खोडून ती सिस्टरांचा शब्द टाकत गेली. आठव्या नोंदीवर बोट जरा रेंगाळलं. मग तेही खोडलं, आणि तिने यंत्र पुन्हा शिकायला बसवलं.

सर आले तेव्हा पडद्यावर एक्क्याण्णव होते.

"तीनशेत?"

"दोनशे अठ्ठ्याण्णव."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "शेवटी एवढी उडी कशी काय?"

"आठ खुणा चुकलेल्या होत्या. माझ्या. माझ्याच मुलीच्या रडण्याच्या."

सिस्टरांनी हेडफोन काढला. "तुझी होय ती? अगं, आधी सांगायचंस. मी आईला काय काय बोलले."

"बरोबरच बोललात, सिस्टर."

सर अहवाल उघडून बसले होते. टाईप करता करता थांबले.

"तो आठ खुणांचा भाग गाळू या. तुमचं नाव येईल, उगाच बरं दिसत नाही."

"नका गाळू, सर." ती खुर्चीत ताठ बसली. "चुका माझ्या, असं नावासकट लिहा. आणि त्याच ओळीत हेही लिहा, की शंका आधी यंत्राला आली."