खड्ड्यात उतरलेला गॅस

मित्रांनो, रायपूरच्या भनपुरीत, ट्रकांच्या धुळीने करड्या झालेल्या एका गॅरेजात कधी आलात, तर कोपऱ्यात चाकांवर उभं असलेलं, पोचे पडलेलं एक यंत्र दिसेल. तो मी. गाडीचा एसी उघडण्याआधी त्यातला गॅस ओढून माझ्या टाकीत सांभाळायचा, हे माझं काम. तो गॅस हवेत सुटला तर आधीच तापलेली ही पृथ्वी आणखी तापते.

पुण्याजवळच्या कारखान्यात माझी जुळणी झाली. इथे मला गॅरेजमालक नरेशने आणलं, पण जीव लावला तो त्याच्या धाकट्या बहिणीने, उल्काने. ती नळ्यांचा प्रत्येक जोड बोटांनी चाचपून पाही, माझं तेल आणि गाळणी वेळेवर बदली. टाकी भरत आली की गॅस शुद्ध करायला पाठवी. आपलं मशीन काही सांडू देत नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगे, तेव्हा मला धन्य वाटे.

पुढे उल्काला तेलीबांध्याच्या शोरूममध्ये नोकरी लागली. नरेश मला वापरी, पण माझ्याकडे पाहत नसे. नळ्यांना चिरा पडल्या, गाळणी तुंबली. टाकी भरली आणि मी गॅस घेईनासा झालो.

मे महिन्यातला रविवार होता. लू, उन्हाचा तापलेला वारा, आत येऊ नये म्हणून शटर गुडघ्यापर्यंत ओढलेलं. लोकेश मेकॅनिक गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात बसून वरच्या गाडीचे बोल्ट आवळत होता. बाहेर एक गिऱ्हाईक घाई करत होतं. नरेशने माझी टाकी रिकामी करायची म्हणून सरळ व्हॉल्व्ह उघडला आणि तो गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेला. गॅसला ना वास, ना धूर. त्यात काही धोका असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही.

पण तो गॅस हवेहून जड. फरशीवरून पाण्यासारखा सरकत तो खड्ड्यात उतरू लागला आणि तिथली श्वासाची हवा वर ढकलू लागला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. माझ्यापाशी होता फक्त दाबाचा काटा. तो खाली येत होता आणि पाहायला कोणी नव्हतं. माझ्याच पोटातून मरण वाहत होतं आणि मला ते अडवता येत नव्हतं. खड्ड्यातला पान्ह्याचा आवाज मंदावला. मग थांबला.

नरेश परतला, त्याने हाका मारल्या. वाकून पाहिलं तर लोकेश भिंतीला टेकून कलंडलेला. नरेश खड्ड्यात उडी घेणार, तेवढ्यात आईने दिलेला डबा घेऊन उल्का शटरखालून आत आली. माझी उघडी टाकी पाहताच तिने भावाचा शर्ट धरला.

"दादा, खाली उतरू नोको. तूबी तिथंच पडशीन. पह्यले खाली हवा सोड."

तिने व्हॉल्व्ह बंद केला, शटर वर ढकललं. दोघांनी गाडी मागे लोटली, चाकांत हवा भरायचा पाइप खड्ड्यात सोडला. पाइप घरघरत राहिला, पण लोकेश हलेना. नरेश "मले जाऊ दे, मले जाऊ दे" म्हणत रडत होता. अखेर उल्काने त्याच्या कमरेला दोर बांधला, तेव्हाच त्याला उतरू दिलं. वर आणलेल्या लोकेशचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात तो वाचला. पण नरेशला माझ्याकडे पाहवेना. त्याने भंगारवाल्याला बोलावलं. मला ढकलत दारापर्यंत नेलं, तोच लोकेश आला. अजून त्याचा आवाज खोल गेलेला होता.

"भैया, इसको काहे बेचते हो? खोला तो आपने था ना."

नरेशने भंगारवाल्याला हातानेच नको म्हणून खुणावलं. भंगारवाला गेला. मग नरेश माझ्यापाशी खाली बसला आणि माझी तुंबलेली गाळणी स्वतःच्या हाताने खोलू लागला.

मित्रांनो, मी पुन्हा कामाला लागलो आहे, पण व्हॉल्व्हला हात लागला की अजून धास्तावतो. आम्हा यंत्रांना जपा. आमच्या पोटात काय आहे, ते ओळखून असा. आणि काही सोडण्याआधी खाली कोण बसलं आहे, ते एकदा वाकून पाहा.