बॉनेटपुढची मोकळी जमीन

सर्रकन मोजपट्टी डबीत गेली आणि सकाळची शांतता मोडली. चार वर्षांची चिमणी दाराला पाठ लावून स्वतःला मोजत होती. रोज मोजलं की रोज वाढतो, अशी तिची पक्की समजूत.

मोजपट्टी बाबाची. गाडी उंच करून घेताना आणलेली. मित्रांच्या गाड्या उंच, मग आपली काय बसकी राहणार? स्प्रिंगांखाली ठोकळे सारले, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले आणि तेव्हापासून स्वारी जमिनीवर नव्हतीच. प्रवास म्हणाल तर घर ते कचेरी, आणि वाटेत डोंगर म्हणावा असा एक गतिरोधक. आईला मात्र आत चढायला स्टूल लागायचं.

मागच्या रविवारी अंगणातल्या अंगणात गाडी पुढे घेताना त्याने चिमणीची तीनचाकी चिरडली. चिमणी नुकतीच पाणी प्यायला आत गेली होती.

"मधेच कोण ठेवतं असं?" उलट तोच डाफरला.

तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता. गाडी सुरू झाली की ती आधी पोरीला शोधायची. "खाली उतरव ती गाडी," ती रोज म्हणायची.

"सरकारी तपासणीत पास झाली तर पुन्हा बोलायचं नाही."

"आणि नापास झाली तर?"

"होतेय कशाला!"

तयारी जय्यत होती. या मित्रमंडळाकडे मूळ मापाच्या चार टायरांचा एक संच सामाईक होता. ज्याची तपासणी, त्याच्याकडे तो पाहुणा. काल तो बसवला, आणि पैलवानाने बाळाचे बूट घालावेत तशी गाडी दिसू लागली.

"तुम्हीही चला," तो म्हणाला. "बायकापोरं बरोबर असली की साहेब नरम पडतात."

"वा! म्हणजे आम्हीपण आजच्यापुरते बसवलेले सुटे भाग."

तपासणी केंद्रात साहेब म्हणजे निघाल्या कपाळावर चष्मा चढवलेल्या एक बाई. त्यांनी टायरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली बसून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत पट्टी धरली.

"टायर कुठलेही घाला, भाऊ, हे अंतर बदलत नाही. सूट पाच सेंटीमीटरची. तुमचे बारा वाढलेत."

अख्ख्या टोळक्यात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आधीचे साहेब तर टायरच बघायचे!" तो बोलून गेला.

"म्हणूनच ते आता इथे नाहीत."

"पण उंचीने बिघडतं काय, बाई? उलट लांबचं दिसतं."

"असं? बसा आत." बाईंनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि तो वर चढेपर्यंत बॉनेटपुढे गुडघाभर उंचीचा नारिंगी शंकू ठेवला. आईचा हात सोडून चिमणी धावली आणि शंकूशेजारी जाऊन उभी राहिली. आई पुढे सरसावली, तर बाईंनी हातानेच थांबवलं.

"समोर काय दिसतंय?"

"शंकू. अगदी स्पष्ट," त्याने ठोकून दिलं.

"आणखी?"

"आणखी काय असणार? मोकळी जमीन."

बाईंनी कागदावर नापासचा शिक्का मारला. या क्षणी आपल्याला हसू येईल, दोन टोमणे तरी मारता येतील, असं आईला आठवडाभर वाटत होतं. आता तिचं लक्ष फक्त शंकूशेजारच्या पोरीवर होतं.

तो तोऱ्यात उडी मारून उतरला, वाद घालायला पुढे आला आणि बॉनेटपाशी थबकला. "अगं... ही कधी आली इथे?"

आईने पोरीला उचलून छातीशी धरलं. चिमणीने फ्रॉकच्या खिशातून मोजपट्टी काढली, ताणली आणि तिचं टोक आईच्या हातात दिलं.

"आई, मी तर हातपण हलवत होते. अजून किती वाढले की बाबांना दिसेन?"